शिगेची पायली

वनमालाची चांदी कालपासून जुळत नव्हती.

चांदी म्हणजे अंगावरची नव्हे, कागदावरची. वनमाला हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन आली होती आणि तुळजापूरच्या मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होती. शाळा सुटल्यावर ती एका पुस्तकाचं एक प्रकरण लिहायची. पुस्तक राघवेंद्र मास्तरांचं. मास्तर धाराशिवला रसायन शिकवत. वनमाला मावशीकडं राहून मॅट्रिकपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकली होती. निजामाच्या काळात मास्तर उर्दूतून शिकले आणि उर्दूतूनच शिकवत आले. आता राज्य बदललं, वर्ग मराठी झाले, पण मराठीतून रसायन शिकवायला मास्तरांच्या मनासारखं पुस्तक काही सापडेना. शेवटी त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं आणि शेवटचं प्रकरण, अणुभार आणि समस्थानिकं, वनमालाकडं दिलं.

"हे आमच्या वेळेला धड शिकवलंच नाही कुणी," ते म्हणाले होते. "तू ताजी शिकून आलीस. तूच लिही."

उद्या सकाळी मास्तर धाराशिवहून सोलापूरच्या गाडीनं निघणार होते, छापखान्यात सगळं बाड द्यायला. गाडी तुळजापूरच्या स्टँडवर चहापुरती थांबते, तेवढ्यात वनमालाचं प्रकरण ते हातात घेणार. पण शेवटचं उदाहरण जुळलं असेल तरच. नाही तर पुस्तक त्या प्रकरणाशिवाय छापायचं, असं त्यांनी साफ सांगून टाकलं होतं.

आणि तसं सांगायची वेळ वनमालानंच आणली होती. मास्तर आपले म्हणत होते, "उदाहरणात सोपे आकडे घे. समजा, एक मूलद्रव्य आहे. समजा, एका जातीचा भार वीस, दुसऱ्या जातीचा बावीस."

"समजा कशाला, सर? खऱ्या चांदीचं घालते की. खरे आकडे, मोजलेले."

"खरे आकडे हट्टी असतात, वनमाला."

"मी काय कमी आहे?"

मास्तर हसले होते, पण लगेच त्यांचं बोट वर गेलं होतं. "मग जुळलं पाहिजे. उत्तर पुस्तकातल्या कोष्टकाशी ताडून बघायची सवय आमच्या पोरांना मीच लावलीय. ती बघणारच. छापलेलं उत्तर कोष्टकाशी जुळलं नाही, तर पोरं म्हणतील, मराठीतलं रसायन असंच कच्चं. ते मला चालायचं नाही."

उदाहरण दिसायला साधं होतं. चांदीचे सगळे अणू सारखे नसतात. त्यांच्या दोन जाती, म्हणजेच समस्थानिकं. गुण एक, रूप एक, फरक फक्त वजनात. दहा हजार अणू घेतले तर त्यांतले ५१३५ हलक्या जातीचे, उरलेले ४८६५ जड जातीचे. हलक्या अणूचा भार १०६.९३९. सगळ्यांची मिळून सरासरी, म्हणजे ज्याला चांदीचा अणुभार म्हणतात तो, १०७.८८०. तर जड अणूचा भार किती? सरासरीतून हलक्यांचा वाटा वजा करायचा आणि उरेल त्याला जडांच्या प्रमाणानं भागायचं, एवढंच. आठवीतल्या पोरीला जमावं असं गणित.

वनमालाचं उत्तर आलं १०८.८७३. कोष्टकात होतं १०८.९३९.

आधी तिला वाटलं, आपलाच हात चुकला. तिनं पुन्हा केलं. मग लॉगच्या पुस्तकावरचा भरवसा उडाला म्हणून लांबलचक भागाकार मांडले. मग उलटीकडून केलं. चांदी जागची हलली नाही. दरवेळी तेच एकशे आठ, दशांश आठ सात तीन.

आज रविवार. ती सकाळपासून ओसरीवर पाट घेऊन बसली होती. गल्लीतून आराध्यांचा संबळ वाजत देवळाकडं गेला, तरी तिनं मान वर केली नाही. समोर बाजेवर तिचे वडील, नारायणराव, पाय लांब करून पडले होते. ते तहसील कचेरीत कारकून. मागच्या आठवड्यात कचेरीच्या पायऱ्यांवर पाय मुरगळला म्हणून घरी होते आणि घरी असल्यामुळं कंटाळले होते.

"वने, चांदी वितळली का न्हाई अजून?"

"नाना, चेष्टा नको."

"चेष्टा कुठं? विचारायलोय. कमी किती पडायलंय ते तरी सांग."

"हजाराला अर्ध्याहून जरा जास्त."

"हजाराला अर्धं!" नाना कोपरावर उठून बसले. "अगं, एवढा मेळ आमच्या कचेरीत लागला तर तहसीलदार पेढे वाटतील. एकशे नऊ लिही अन् मोकळी हो."

"तीच तर गोम आहे. माझ्या उत्तराचंही एकशे नऊच होतं, कोष्टकातल्या आकड्याचंही एकशे नऊच होतं."

"मग झालं की जुळून!"

"जुळलं नाही, नाना. झाकलं गेलं."

नाना पुन्हा आडवे झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मला एक सांग. आपल्या देवीच्या पालखीची चांदी, ती पण दोन जातींची?"

"हो."

"वरती एक अन् आत एक?"

"तसं नाही. कुठलाही कण घ्या, त्यात दोन्ही मिसळलेले. पालखीत, तुमच्या जुन्या निजामी हाली रुपयात, आईच्या जोडव्यात, सगळीकडं त्याच प्रमाणात."

"अन् ते तू मोजणार, हितं पाटावर बसून," नाना छताकडं बघत म्हणाले. पण आवाजात कौतुक लपलं नाही.

दुसरीही एक वाट होती आणि ती वनमालाला चांगली ठाऊक होती. ५१३५च्या जागी ५२९५ लिहिलं की उत्तर कोष्टकाशी तंतोतंत बसत होतं. काल संध्याकाळी तिनं पेन्सिलीनं तसं लिहूनही बघितलं होतं. गणित असं सुरेख सुटलं की तिला स्वतःचीच भीती वाटली. तिनं ते खोडलं. खोडताना कागद इतका झिजला की पलीकडचा पाट दिसायला लागला. कुणीतरी कुठल्यातरी प्रयोगशाळेत डोळ्यांत तेल घालून मोजलेलं प्रमाण, ते आपण सोयीसाठी बदलायचं? मग मास्तरांचं 'समजा' काय वाईट होतं?

दुपार चढायच्या सुमारास दारात बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. बेंबळीहून गाडी आली होती. बेंबळीला त्यांची थोडी जमीन होती. ती उत्तरेश्वर अर्धलीनं करायचा. शाळूची रास झाली की निम्मी ज्वारी गाडीत घालून तो आणि त्याची बायको सारजाबाई तुळजापूरला यायची. ज्वारी उतरवायची, देवीचं दर्शन घ्यायचं, भाकरी खाऊन माघारी जायचं. दरसाल रास मापायला नाना स्वतः खळ्यावर जात. यंदा पायामुळं राहिलं होतं.

"मालक, पाय कसा हाय?" उत्तरेश्वरानं पहिलं पोतं पाठीवरून उतरवत विचारलं.

"पाय जागेवर हाय, मीच जागेवर न्हाई. किती झाली रास?"

"देवीच्या किरपेनं बरी झाली. तुमच्या वाट्याची सा पोती. येका पोत्यात वीस पायल्या. म्या सोता मापलंय. तुमचीच पायली नेली व्हती, ती बी आणलीया." त्यानं पोत्यांमागून पितळी पट्टीची लाकडी पायली काढून ओसरीवर ठेवली.

वनमालाची आई, शारदाबाई, पदर खोचून तयारच होती. कणगीत ज्वारी तिच्या हातानंच जायची आणि मापूनच जायची. एरवी नाना खळ्यावरून आकडा घेऊन येत, त्यामुळं घरी आल्यावर पुन्हा कुणी मापत नसे. यंदा तिनं पहिलं पोतं सोडलं, पायली घेतली आणि सुरुवात केली. पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं. "लाभ," शारदाबाई म्हणाली आणि पायली कणगीत रिकामी केली. "दोन. तीन. चार."

वनमालानं कानांवर हात ठेवले आणि पुन्हा भागाकार मांडला. तिच्या अठ्ठेचाळीस पासष्टमध्ये आईचे चौदा, पंधरा मिसळायला लागले होते.

"वीस," शारदाबाई म्हणाली आणि पोत्यात डोकावली. मग आणखी एक पायली भरली. "एकवीस." मग आणखी एक. "बावीस." पोतं रिकामं झालं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, ऐकलं का? बावीस भरली."

"कमी?"

"कमी कशी? दोन जास्त!"

"मग ओरडायलीस कशाला? मला वाटलं, बुडालो," नाना म्हणाले.

"तसं कसं! दोन पायल्या त्यांच्या वाट्याच्या आपल्याकडं आल्या. सहा पोत्यांत बारा झाल्या की! उत्तरेश्वर, दुसरं पोतं सोडू नको. आधी तुझं तू घे बघू."

उत्तरेश्वरानं टोपी काढून डोकं खाजवलं. "न्हाय वैनी, आसं व्हनार न्हाय. वीस म्हंजी वीस. मापताना म्या कुनाशी बोललो बी न्हाय."

"बोलला न्हाय म्हंजी चुकला न्हाय, आसं कुठं हाय?" सारजाबाई दारातून म्हणाली. "लगीन ठरवताना बी बोलला न्हवता."

नाना मोठ्यानं हसले आणि पाय दुखला म्हणून कण्हले. "ज्वारी जास्त आली म्हणून भांडणारं घर सगळ्या तालुक्यात हेच असंल. अगं, तुझी मोजणी चुकली असंल."

"माझी? वने, तू सांग. मी चुकले का?"

वनमालानं वर पाहिलं. कितीही कान झाकले तरी आकडे तिला ऐकू आलेच होते. "नाही, नाना. आई बरोबर मोजत होती. बावीसच."

"मग उत्तरेश्वर चुकला."

"सा बी पोत्यांत?" उत्तरेश्वर म्हणाला. "येकात चुकंल मानूस. साही पोत्यांत वीस-वीस मापून चुकंल व्हय?"

ते मात्र खरं होतं. वनमाला पाट सोडून उठली. पायली तीच. ज्वारी तीच. मोजणारी दोन्ही माणसं पक्की. एकाची वीस, एकीची बावीस. गंमत म्हणून नव्हे, सवय म्हणून तिनं विचारलं, "आई, कसं मापलंस ते पुन्हा दाखव."

शारदाबाईनं दुसऱ्या पोत्यातून पायली भरली आणि पायलीच्या काठावरून हात सपाट फिरवला. वरची ज्वारी खाली पडली. "असं. महिन्याला घरात किती लागतं ते मला कळायला नको? हात फिरवल्याशिवाय हिशेब राहत नाही."

सारजाबाई तोंडावर पदर धरून हसायला लागली. "आगं बया! वैनी, सपाट पायली? खळ्यावर आशी मापली तर रास रुसंल की आपल्यावर!" तिनं पायली आपल्याकडं ओढली, ओंजळी-ओंजळीनं ज्वारी ओतली. पायली भरली तरी ती थांबली नाही. काठावर ज्वारीचा ढीग चढला, टोकदार झाला, आणि शेवटची ओंजळ पडली तेव्हा दाणे चारी बाजूंनी घरंगळायला लागले. "ही बगा पायली. शीग घरंगळाया लागली, की झाली."

"शिगेनं मापलं व्हतं व्हय रे?" नानांनी विचारलं.

"खळ्यावर दुसरं कसं मापत्यात, मालक?" उत्तरेश्वर म्हणाला. "तुमी येता तवा बी शिगेनंच मापतो की."

"मग खरं किती धरायचं?" शारदाबाईला अजून चैन नव्हतं. "वीस का बावीस?"

"दोन्ही खरं. शिगेच्या वीस, हाताच्या बावीस. तोंडानं नुसतं पायली म्हणता अन् मग माझ्या नावानं ओरडता," नाना म्हणाले आणि आपल्या निवाड्यावर खूश होऊन तक्क्याला टेकले.

वनमाला मात्र त्या पायलीकडं बघत उभी होती. टोकावरून एक दाणा अजून सावकाश घरंगळत होता.

ज्वारी तेवढीच. माप मोठं असलं की आकडा लहान येतो, माप लहान असलं की आकडा मोठा. तिचाही आकडा लहान आला होता. मग तिनं चांदी कोणत्या मापानं मापली? अणूचा भार काही शेरात, तोळ्यात नसतो. ऑक्सिजनला सोळा धरायचं आणि त्या मानानं बाकी सगळ्यांचा भार सांगायचा. ऑक्सिजनचा सोळावा हिस्सा, ती पायली. मास्तरांच्या वर्गात रोज तास सुरू व्हायच्या आधी सगळी पोरं एका सुरात म्हणायची, हायड्रोजन एक, कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा. पाढ्यासारखं. पाढ्यात दोन एके दोन कशाचं, असं कुणी विचारतं का?

पण ऑक्सिजन तरी एका जातीचा कुठं होता?

ती पाटाकडं अशी धावली की शाईची दौत कलंडता कलंडता राहिली. दोन्ही पुस्तकं तिनं शेजारी शेजारी उघडली. चांदीचा अणुभार तिनं मास्तरांनी दिलेल्या रसायनाच्या पुस्तकातून घेतला होता. जातवार भार घेतले होते ते पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातून. ते तिनं हैदराबादला सुलतान बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं होतं. रसायनाच्या कोष्टकावर लिहिलं होतं, ऑक्सिजन = १६. पदार्थविज्ञानाच्या कोष्टकावर बारीक अक्षरात होतं, ऑक्सिजन-१६ = १६. ती ओळ तिनं कितीदा वाचली असेल. दरवेळी डोळ्यांनी 'ऑक्सिजन सोळा' टिपलं आणि पुढं गेले. ते तर तोंडपाठच होतं.

रसायनवाल्यांचा ऑक्सिजन हवेतला, जसा मिळतो तसा. त्यात लाखभर अणूंत ९९,७५७ हलके, पण ३९ त्याहून जरा जड आणि २०४ चांगलेच जड. पदार्थविज्ञानवाल्यांनी मात्र हात फिरवला होता. हलक्या जातीचा तेवढा घेतला, वरचं सगळं खाली पाडलं. दोघंही आपापल्या मापाला सोळाच म्हणत होते. आणि तिनं शिगेच्या पायलीतून हाताची पायली वजा केली होती.

"वने, काय झालं गं?" शारदाबाईनं विचारलं.

"काही नाही. दोन मिनिटं कुणी बोलू नका."

ओसरीवर सगळे गप्प झाले. सारजाबाईसुद्धा.

शीग केवढी, ते काढायचं होतं. ते पुस्तकात शोधायची गरज नव्हती. जे गणित चांदीला, तेच ऑक्सिजनला. लाख अणूंची सरासरी काढायची. तिनं आकडे मांडले. हाताच्या पायलीनं हवेतला ऑक्सिजन आला १६.००४४८. म्हणजे शिगेचं माप हाताच्या मापापेक्षा १.०००२८ पट मोठं. एवढीशी शीग, लाखाला अठ्ठावीस. मग चांदीचा अणुभार १०७.८८० शिगेच्या मापाचा, तो हाताच्या मापानं १०७.९१०. त्यातून हलक्यांचा वाटा वजा. उरलेल्याला ०.४८६५ नं भाग. तिनं भागाकार एक एक अंक करत लिहिला. घाई केली नाही. घाई करायचं धाडसच होत नव्हतं.

एक, शून्य, आठ. दशांश. नऊ.

तिथंच तिचा श्वास मोकळा झाला. पुढचे दोन अंक तिनं हसतहसत लिहिले. तीन. पाच.

१०८.९३५. कोष्टकातला आकडा १०८.९३९. राहिलेल्या चारांचं काय, तेही तिनं लगेच तपासलं. अणुभाराच्या शेवटच्या अंकात दोन इकडचे तिकडे झाले, तर उत्तरात चार हलत होते. तेवढी खात्री मोजणाऱ्यांनाही नव्हती. आता कुणाचाही आकडा बदलायची गरज नव्हती. चांदी जिथं होती तिथंच होती, प्रमाण होतं तेच होतं. तिच्या खांद्यांवरून कुणीतरी पोतं उतरवल्यासारखं झालं.

"जुळलं!" ती ओरडली.

"बावीस का वीस?" नानांनी विचारलं.

"दोन्ही!" वनमाला म्हणाली आणि सारजाबाईचे हात धरून तिनं तिला ओसरीवर गरकन फिरवलं.

"आगं आगं, मास्तरीणबाई, पडीन की!" सारजाबाई म्हणाली, पण फिरली.

दुपारभर वनमालानं उदाहरण स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिलं. आधी ऑक्सिजन, मग चांदी. उन्हं उतरली तेव्हा दर्शन घेऊन उत्तरेश्वराची गाडी बेंबळीला परत निघाली. शारदाबाईनं कुणाचं न ऐकता एक पायली ज्वारी त्यांच्या गाडीत घातलीच. शिगेची.

सकाळी स्टँडवर सोलापूरकडची गाडी आली तेव्हा वनमाला कागदांची सुरळी घेऊन उभी होती. यात्रेकरू खाली उतरले आणि त्यांच्या मागून, धोतराचा सोगा सावरत, राघवेंद्र मास्तर. काखेत बाड, हातात छत्री.

"जुळलं का?" त्यांनी नमस्कारही होऊ न देता विचारलं.

"जुळलं, सर."

मास्तर चहाच्या दुकानापुढच्या बाकावर बसले, चष्मा चढवला आणि वाचायला लागले. चहा आला. त्याच्याकडं त्यांनी बघितलं नाही. वनमाला त्यांच्या भुवयांकडं बघत होती. एका जागी त्या जवळ आल्या.

"हा ऑक्सिजन मधेच कुठून आला?"

वनमालानं सांगितलं. दोन पुस्तकं, दोन सोळा.

मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी पोरांकडून ऑक्सिजन सोळा, ऑक्सिजन सोळा म्हणून घोकून घेतलं, ते चूक?"

"चूक नाही, सर. फक्त कोणतं सोळा, ते म्हणायचं राहिलं."

"हं." त्यांनी कागद उलटला, पुन्हा सुलटा केला. "तुझं बरोबर आहे. उत्तरही बसतंय. पण हे मॅट्रिकच्या पोरांच्या डोक्यात कसं जाणार? एकाच नावाची दोन मापं? मलाच दोनदा वाचावं लागलं. जे त्यांना कळणार नाही, ते छापून काय उपयोग?" ते सुरळी करायला लागले. गणित जुळलं होतं, आणि प्रकरण तरीही राहणार होतं.

"सर, तुमच्या घरी पायली आहे?" तिनं घाईनं विचारलं.

"म्हणजे?"

"खळ्यावर कशी मापतात आणि घरी काकू कशी मापतात?"

मास्तरांचा हात थांबला. वनमालानं कालची सगळी हकीकत सांगितली, आईच्या बावीस आणि उत्तरेश्वराच्या वीस. हवेतला ऑक्सिजन म्हणजे शिगेची पायली, नुसता हलका ऑक्सिजन म्हणजे हात फिरवलेली. सांगताना ती हवेत शीग काढून दाखवत होती. चहावाला किटली हातात धरून ऐकत उभा राहिला.

आधी मास्तरांचं पोट हलायला लागलं, मग ते उघड हसले. "शिगेचं सोळा!" ते म्हणाले. "अगं, हे आमच्या वाशीकडच्या शेतकऱ्याच्या पोरालाही कळेल, परंड्याच्याही. हे लिहिलंयस का यात?"

"नाही, सर. रसायनाच्या पुस्तकात पायली कशी लिहायची, म्हणून..."

"का? पायली काय उर्दू आहे?" त्यांनी सुरळी तिच्या हातात परत दिली. "लिही. ते असेल तरच घेतो."

"आत्ता?"

"मग काय सोलापुरात?"

कंडक्टर, हरिबा, दारात उभा राहून ओरडत होता. "मास्तर, चला! गाडी देवीची न्हाय, सरकारची हाय!"

"हरिबा, तू माझाच विद्यार्थी. थांब जरा."

"म्हनून तर ओरडायलोय, सर! नापास केलं व्हतं तुमी!"

वनमाला बाकावर वाकून लिहीत होती. ज्वारी, पायली, शीग, हात. खळ्यावर वीस, घरी बावीस, धान्य तेवढंच. शब्द आपोआप येत होते. मुद्दाम शोधावं असं त्यांत काही नव्हतं. इंजिन सुरू झालं तेव्हा शेवटचं वाक्य चाललं होतं. तिनं कागद फुंकून वाळवले आणि खिडकीतून मास्तरांच्या हातात दिले. त्यांनी तिथंच वाचलं, मान हलवली आणि सुरळी बाडाच्या मधोमध सरकवली. वर नाही, खाली नाही, मधे. पडू नये म्हणून.

"सोलापुरात गेल्या गेल्या देतो," ते गाडीच्या आवाजावर ओरडले. "तुझं नाव पण घालायला सांगतो!"

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी वनमाला उभीच होती. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे. साधीसुधी नव्हे, सडकून लागली आहे. परवापासून आपण काय जेवलो, ते तिला आठवेना.

घरी शारदाबाई चुलीपाशी होती. नव्या ज्वारीची पहिली भाकरी तव्यावर फुगली होती.

"गेलं का?"

"गेलं, आई."

"मग बस."

वनमाला हात न धुताच बसली, उठून हात धुतले, पुन्हा बसली. भाकरी, पिठलं, कच्चा कांदा. ओसरीवरून बाजेचा करकर आवाज आला आणि पाठोपाठ नानांचा.

"वने, शेवटी किती भरली गं चांदी?"

"एकशे आठ, दशांश नऊ तीन पाच," तिनं तोंडात घास असतानाच सांगितलं.

नानांनी जरा विचार केला.

"कसल्या पायलीनं?"

वनमालाला ठसका लागला. शारदाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि नानांच्या नावानं ओरडली, आणि वनमाला डोळ्यांतलं पाणी पुसत, खोकत, हसत राहिली.